दोन गाण्यांचा हात

आमच्याकडे नाच दोन-दोन गाण्यांचा असतो.
एखादीचा हात मागितलात, तिनं दिला,
तर दोन गाणी तो तुमचा.
मग तिला तिच्या बाकापर्यंत पोचवायचं,
आभार मानायचे आणि सुटायचं.
म्हणून आम्हीही जोडीनंच वाजवतो,
टँगोमागे टँगो, वॉल्ट्झमागे वॉल्ट्झ.
एकटं गाणं वाजवून थांबलो
तर तळ्याकाठच्या त्या लाकडी मंडपात
पन्नास जोडपी अवघडून उभी राहतील,
हात सोडावा की धरून ठेवावा, न कळून.

आम्ही चौघं.
क्युल्लिक्की, वय एकाहत्तर. तिचं अकॉर्डियन
तिच्या गुडघ्यांहून म्हातारं, पण कुरकुरतं कमी.
ओस्मो ड्रमवर; एरवी लिफ्ट दुरुस्त करतो.
आर्मास गातो,
आणि गात नसेल तेव्हा घशाबद्दल बोलतो.
मी डबल बास.
मला कुणी ऐकत नाही.
थांबलो की मात्र सगळ्यांचे पाय चुकतात.

सुपारी येते फेब्रुवारीत, बिदागी ऑगस्टच्या शेवटी.
मधल्या काळात येतं ते गिअरबॉक्सचं बिल.

व्हॅनमध्ये बास आडवा झोपतो,
आम्ही त्याच्याभोवती घड्या घालून.
रात्रीचे दीड, आणि आभाळात अजून
ताकासारखा पातळ उजेड.
कांगासनिएमीच्या पुढे रस्त्यात एल्क उभा,
जकातनाक्यावरच्या शिपायासारखा,
काहीतरी चघळत, आमच्याकडे न बघत.
ओस्मोनं इंजिन बंद केलं.
पाच मिनिटं. मग आणखी पाच.
क्युल्लिक्की म्हणाली, "बसा गप.
त्याचं एकच गाणं झालंय."

नोव्हेंबरात रेकॉर्डिंग.
बंद पडलेली डेअरी, भिंतींना अजून
आंबूस वास, आणि हीटरजवळ नीलो,
चोवीस वर्षांचा, कानावर हेडफोन, पायात लोकरी मोजे.
"बास जरा मागे पडतोय," तो म्हणाला.
मी तीस वर्षं जरा मागेच आहे, पोरा.
तिथंच तर पाऊल पडतं.
त्यानं पडद्यावर माझा एकेक स्वर
माशी उचलावी तसा उचलला, केसभर पुढे ठेवला,
आणि ऐकवलं.
सगळं बरोबर होतं.
कुणी नाचलं नसतं.
आर्माससुद्धा घशाबद्दल बोलला नाही.
क्युल्लिक्कीनं कोट अंगात घातला,
बटणं लावता लावता म्हणाली,
"जिथून घेतलंस तिथं ठेव."
सतरावा टेक ठेवला. त्यात तिची खुर्ची करकरते.

राहिला सप्टेंबर, मंडपांना कुलपं लागल्यानंतरचा आठवडा.
तेव्हा सिर्का आणि मी पळतो, भावाच्या झोपडीत.
तिची अट एकच, वाद्य आणायचं नाही.
मी आणत नाही.
सरपण फोडतो, जाळं सोडवतो, सौनाची चूल पेटवतो,
बटाटे उकडतात, खिडकी धुरकटते.
तिसऱ्या दिवशी होडीत ती म्हणाली,
"वल्ह्यावर काय वाजवतोयस?"
मी डावा हात पाण्यात घातला.
ऐकलं असतं तरी कुणी? हसली ती.

मी कधी नाचलो नाही.
वाजवणाऱ्याचा हात रिकामा नसतो,
आणि रिकामा होतो तेव्हा लोक घरी गेलेले असतात.
तेहतीस वर्षांच्या संसारात
सिर्का दुसऱ्यांबरोबर नाचली, माझ्या तालावर.
मला वाटायचं, यात सगळं आलं.

त्या संध्याकाळी पलीकडच्या काठावर
कुणीतरी होडीला डांबर लावत होतं,
त्याचा रेडिओ पाण्यावरून आमच्यापर्यंत येत होता.
जुना टँगो. बासवाला घाईचा.
धक्क्याच्या फळीवर, रबरी बुटांत,
तिनं हात पुढे केला.
मी दोनदा तिच्या पायावर पाय दिला.
ती म्हणाली, "जरा मागे राहा."
मग जमलं, जमल्यासारखं.

गाणं संपलं आणि बातम्या लागल्या.
डिझेल पुन्हा वाढलं.
कुठलासा पूल महिनाभर बंद.
तिनं हात सोडला नाही,
मीही.
हवामान सुरू झालं तरी
आम्ही तसेच उभे होतो.